आधी मांड, मग करामत

व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये झुंबरांखाली पांढरेशुभ्र लिपिझानर घोडे मागच्या पायांवर हवेत उसळतात, ते बघायला जगभरातून लोक येतात. त्याच शाळेत नव्या शिकाऊ स्वाराच्या हाती मात्र सुरुवातीला लगामही देत नाहीत. रिकिबीही काढून घेतात. मधे शिक्षक लांब दोर धरून उभा, भोवती घोडा गोल फिरतोय, आणि पोरगा खोगिरावर नुसता बसलेला. महिनोन्‌महिने हेच.

कारण साधं आहे. कच्च्या स्वाराचा तोल गेला की तो लगामाला लटकतो आणि त्याचा सगळा हिसका घोड्याच्या तोंडातल्या लोखंडी कडीवर बसतो. चूक स्वाराची, शिक्षा घोड्याला. मांड कमरेतून बसली की हात मोकळे होतात. मग लगामातून घोड्याला काही सांगता येतं. आलोइस पोधाइस्की १९३३ साली या शाळेत आला तेव्हा तो नवशिका नव्हता, लष्करातला नावाजलेला स्वार होता. त्यालाही दोरावर फिरणाऱ्या घोड्यावर बसून बैठक नव्याने घडवावी लागली. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्याने ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं, कांस्यपदक मिळवलं आणि १९३९मध्ये तो या शाळेचा प्रमुख झाला.

घोड्याचंही असंच. निसर्गाने त्याला पाठीवर माणूस घेण्यासाठी घडवलेलं नाही. त्याचा सुमारे तीनपंचमांश भार पुढच्या पायांवर असतो. त्याला हसळीचं हाड नसतं. छातीचा पिंजरा दोन खांद्यांमध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. शिवाय आपण जसे डावखुरे-उजवे असतो, तसा प्रत्येक घोडा जन्मतः एका अंगाला किंचित वाकडा असतो. वर स्वार बसला की हा वाकडेपणा वाढतो. म्हणून व्हिएन्नात चारेक वर्षांचा घोडा दाखल झाला की पहिल्या टप्प्यात त्याला फक्त मोकळेपणाने, सरळ, पुढे चालवतात. उड्या शिकायला पुढे वर्षं पडलेली असतात.

ही समज जुनी आहे. ग्रीक सेनानी झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर पुस्तक लिहिलं. शिंगराला गर्दीतून, गलक्यातून हिंडवा, बुजलं तर मारू नका, भिण्यासारखं काही नाही हे त्याला शांतपणे दाखवा, असा त्याचा सल्ला आहे. युरोपात नंतर बराच काळ जबरदस्तीचाच मामला होता. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ला गेरिनिएर आला आणि त्याने घोड्याचे खांदे भिंतीपासून थोडे आत आणून चालवण्याचा पाठ घालून दिला. या चालीत आतला मागचा पाय पोटाखाली पुढे पडतो, त्या बाजूचा पुठ्ठा खाली येतो, आणि पुढचा खांदा आपोआप हलका होतो. दिसायला काहीच नाही, टाळी तर मुळीच पडत नाही. पण पुढच्या साऱ्या करामती या एका तिरक्या चालीतून निघतात. व्हिएन्नाची शाळा आजही त्याच्याच ग्रंथाचा आधार मानते.

जवळची वाट काढणारेही होतेच. पॅरिसच्या सर्कशीत नाव काढलेल्या बोशेने १८४२मध्ये नवी पद्धत जाहीर केली: उभ्या घोड्याचा जबडा आणि मान आधी मऊ करा, घोडा लवकर हाताशी येतो. स्वतः बोशे विलक्षण हाताचा माणूस होता, त्यामुळे त्याला ते साधत असे. जर्मन गुरू स्टाइनब्रेख्टने या पद्धतीवर कडाडून टीका केली: मान वाकली म्हणून घोडा तयार झाला असं नव्हे, पुढे जाण्याची ओढच मेली तर काय उपयोग? मला स्टाइनब्रेख्टचं पटतं. पुढे जर्मनांनी जी शिडी रूढ केली, तिच्यात ताल आधी, मग अंगाचा सैलपणा, आणि भार मागे गोळा करणं सर्वांत शेवटी.

या पायाचं मोल आपणही पाहिलं आहे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत ४१ वर्षांनी आलेलं हे सुवर्ण. चौघांच्या संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. त्या खेळात घोडा चारही पाय सारखे टेकून थांबला का, याचेसुद्धा गुण मिळतात. चौघेही वर्षानुवर्षं युरोपात राहून शिकले, आणि घोडेही तिकडचेच, पाया घातलेले.

आपल्याकडे सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत ढोलावर नाचणारे घोडे बघावेत. झेनोफनने सांगितलेला गर्दी-गलक्याचा पाठ आपले चाबूकस्वार असा पक्का करून घेतात की युरोपातल्या कुणालाही ते हार जाणार नाहीत. पण नाचात बऱ्याचदा लगाम वर ओढलेला, मान ताठ आणि पाठ खोल गेलेली असते. पाय उचलले जातात, भार मात्र पुढेच राहतो. व्हिएन्नाच्या घोड्याचा जागच्या जागचा दुडका ताल वरवर तसाच दिसतो, पण त्याचा पुठ्ठा खाली बसलेला असतो. हा फरक चाबूकस्वाराच्या अकलेचा नाही, हिशेबाचा आहे. तरण्या घोड्याला दोन वर्षं नुसतं सरळ चालवायचं, तर तेवढा काळ दाणा-वैरण, मोतद्दाराचा पगार आणि नालबंदी हे सगळं अंगावर. व्हिएन्नात तिकीट काढणारे असतात. इथल्या व्यापाऱ्याला पुढच्या दत्तजयंतीपर्यंत घोडा विकून मोकळं व्हायचं असतं, आणि गिऱ्हाईक विचारतं ते एकच, नाचतो का?