मुक्त चित्रकार : कला आणि व्यवहार

आमच्या पिढीत घरातील मुलाने किंवा मुलीने चांगले चित्र काढले की वडीलधारी मंडळी कौतुक करीत आणि पाठोपाठ विचारीत, "पण याने पोट भरेल का?" आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि हुद्द्याने बँकेतील कारकून. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा आम्ही दिल्या होत्या. पुढे बँकेची परीक्षा उत्तीर्ण झालो आणि रंगपेटी माळ्यावर गेली. त्याची खंत नाही. त्या पगारावर घरातील धाकट्यांची शिक्षणे झाली.

हाच प्रश्न २०२४ साली पुन्हा आमच्या पुढ्यात आला. आमच्या थोरल्या ताईची मुलगी उपयोजित कलेची पदवी घेऊन घरी बसून चित्रांची कामे करते. ताई म्हणाली, "तू तिचा बँकेतला मामा. परीक्षेला बस म्हणून तूच समजाव तिला." आम्ही समजावण्यास गेलो, पण बोलणे वेगळ्याच विषयावर गेले. त्या वर्षीच्या १४ एप्रिलला आमच्या नाक्यावर जो फ्लेक्स लागला होता, त्यावरील माता रमाईचे चित्र तिचे होते. कोपऱ्यातील तिची सही शुभेच्छुकांच्या छायाचित्रांखाली झाकली गेली होती. सांगण्यास संकोच वाटतो, पण आमच्या संस्थेच्या पत्रकावरही तेच चित्र होते. भ्रमणध्वनीवर आलेले ते चित्र, कोणाचे आहे हे न विचारता, मुद्रकाकडे आम्हीच पाठविले होते. ती एवढेच म्हणाली, "मामा, पैसे नकोत. नाव तरी ठेवायचे."

त्या दिवसापासून या व्यवसायाची माहिती आम्ही बँकेतील माणसाच्या चिकाटीने गोळा केली. कलेकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींना आणि त्यांच्या पालकांना ती उपयोगी पडावी, म्हणून येथे देत आहोत.

मुक्त चित्रकार म्हणजे कोण?

नोकरी न करता कामागणिक मोबदला घेऊन चित्रे काढून देणारा तो मुक्त चित्रकार. पुस्तकांची मुखपृष्ठे, बालपुस्तकांतील चित्रे, पाठ्यपुस्तके, मासिके, दिनदर्शिका, जाहिराती, वस्तूंची वेष्टने अशी त्याची कामे असतात. महाराष्ट्राला हा व्यवसाय नवा नाही. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे घरोघर पोहोचविली. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंकच सुरू केला. चित्र कोणाचे हे वाचक कोपऱ्यातील सहीवरून ओळखत. त्या काळी काम मिळविण्यासाठी चित्रांची जाडजूड फाईल काखेत मारून संपादकांच्या आणि प्रकाशकांच्या दारी जावे लागे. मुंबई-पुण्यात ज्याची ओळख नाही, त्याची फाईल बहुधा उघडलीच जात नसे.

आज ती फाईल महाजालावर ठेवता येते. परभणीच्या किंवा भंडाऱ्याच्या मुलीचे चित्र दिल्लीचा प्रकाशक त्याच दिवशी पाहू शकतो. 'बेकरी प्रसाद' या नावाने चित्रे काढणारे सिद्धेश गौतम आणि 'आर्टेडकर' या नावाने काम करणारे राही पुण्यश्लोक यांची आंबेडकरी आशयाची चित्रे हजारो लोकांपर्यंत प्रामुख्याने इन्स्टाग्रामवरून पोहोचली. दार उघडले आहे हे खरे. परंतु उघड्या दारातून पाहुणे येतात तसे उचलेगिरी करणारेही येतात. म्हणून आत काय मांडावे आणि कसे मांडावे, हे समजून घेतले पाहिजे.

चित्रे कोठे मांडावीत?

यासाठी दोन वेगळ्या जागा लागतात आणि त्यांत गल्लत होता कामा नये. पहिली जागा चव्हाट्याची. २०१० मध्ये सुरू झालेले इन्स्टाग्राम हे तिचे उदाहरण. तेथे रोजचा सराव, कच्ची रेखाटने, प्रासंगिक चित्रे टाकावीत. लोक पाहतात, ओळख वाढते. मात्र तेथील चित्र दोन दिवसांत मागे पडते. दुसरी जागा दुकानाच्या दर्शनी कपाटासारखी. यालाच पोर्टफोलिओ म्हणतात. २००५ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१२ पासून अडोबी कंपनीकडे असलेल्या बिहान्स या संकेतस्थळावर तो विनामूल्य मांडता येतो. काही कामे हाती आल्यावर स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ घ्यावे. त्या नावाचे शुल्क दरवर्षी भरावे लागते, हे विसरू नये. चव्हाट्यावर भेटलेल्या माणसाला कपाटापर्यंत आणणे, हा या दोन जागांमधील संबंध.

दुसऱ्याच्या जागेवरील खाते एखाद्या दिवशी बंद पडू शकते किंवा चोरीला जाऊ शकते. म्हणून मूळ चित्रे दोन वेगळ्या ठिकाणी साठवून ठेवावीत. आम्ही बँकेत रोजच्या नोंदींची दुसरी प्रत ठेवतो, तसेच हे.

पोर्टफोलिओत काय असावे?

आजवर काढलेली सगळी चित्रे त्यात भरू नयेत. बारा ते पंधरा उत्तम चित्रे पुरेशी आहेत. संपादकाला वेळ कमी असतो आणि संग्रहातील सर्वांत कच्च्या चित्रावरून तो अंदाज बांधतो. ज्या प्रकारचे काम हवे, त्याच प्रकारची चित्रे पुढे ठेवावीत. बालपुस्तके हवी असतील, तर एकच मुलगी चार प्रसंगांत, चार भावमुद्रांत आणि तरीही तीच ओळखू येईल अशी काढून दाखवावी. कारण संपूर्ण पुस्तकभर पात्र टिकविता येते का, हेच प्रकाशक पाहतो. अजून काम मिळाले नसेल, तर एखादी लोककथा घेऊन तिची चार पाने स्वतःच सजवावीत आणि हा स्वतःचा सराव आहे असे स्पष्ट लिहावे.

प्रत्येक चित्राखाली दोन ओळी हव्यात : काम कोणासाठी, विषय कोणता, माध्यम कोणते. एखाद्या चित्राचा कच्च्या रेखाटनापासून पूर्ण रंगापर्यंतचा प्रवास दाखवावा. नाव, गाव, ई-मेल पत्ता सहज सापडेल असा असावा. घरचा पत्ता आणि खासगी छायाचित्रे देऊ नयेत; मुलींनी तर हे कटाक्षाने पाळावे.

लहान प्रत आणि मोठी प्रत

येथे थोडे गणित आहे. पुस्तकाच्या छपाईसाठी चित्रात दर इंचाला ३०० ठिपके लागतात. ए-४ आकाराच्या पानासाठी २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांची प्रत हवी. महाजालावर मात्र लांब बाजू १५०० ठिपक्यांची असली तरी चित्र स्वच्छ दिसते. ती प्रत कोणी उचललीच, तर पुस्तकात पाच इंचांपेक्षा मोठी नीट छापता येणार नाही. म्हणून लहान प्रत सर्वांना दाखवावी आणि मोठी प्रत पैसे मिळाल्यावरच द्यावी.

फ्लेक्सला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. फ्लेक्स लांबून पाहावयाचा असतो, त्यामुळे लहान प्रतही त्यावर चालून जाते. यावर उपाय सहीचा. सही अगदी कडेला केली तर कापली जाते. ती चित्राच्या आत, पदराच्या काठाला किंवा भिंतीच्या सावलीत अशी करावी की काढली तर चित्र बिघडेल. आमची भाची आता तसेच करते.

हक्क कोणाचा?

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. चित्र काढले की हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, मात्र केली तर वादाच्या वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडते. हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे टिकतो. पण येथे एक खाच आहे. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून चित्र काढले आणि उलट करार केलेला नसेल, तर हक्क काम सांगणाऱ्याकडे जाऊ शकतो. नोकरीत काढलेल्या चित्राचेही तसेच. म्हणून काम लहान असो वा मोठे, लेखी करार हवाच. हक्क हस्तांतर करताना सहीनिशी लेखी दस्त लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, असे कायदा धरतो. "सर्व हक्क, कायमचे, सर्व माध्यमांसाठी" अशी ओळ दिसली, तर सही करण्यापूर्वी थांबावे आणि त्याचा वेगळा मोबदला मागावा. हक्क विकल्यानंतरही 'हे चित्र मी काढले' असे सांगण्याचा चित्रकाराचा अधिकार कायद्याने कायम राहतो.

स्वखुशीने चित्र मोकळे करावयाचे असेल, तर त्याचीही रीत आहे. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवरील पुस्तके कोणीही वापरू शकतो, पण लेखक-चित्रकाराचे नाव द्यावे लागते. फुकट देणे आणि बेनामी करणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

हाच न्याय चित्रकारालाही लागू आहे. दुसऱ्याच्या छायाचित्रावरून हुबेहूब चित्र काढून विकणे योग्य नव्हे. छायाचित्रकारालाही हक्क असतो.

पैशाचा व्यवहार

येथे आमचे काउंटरवरचे ज्ञान कामी आले. कामाला हात लावण्यापूर्वी दरपत्रक लेखी पाठवावे. त्यात चित्रांची संख्या, आकार, वापर कोठे व किती काळ, मुदत, आगाऊ रक्कम आणि दुरुस्त्या किती वेळा हे सर्व लिहावे. निम्मी रक्कम आगाऊ आणि दोनदाच दुरुस्ती, असा नियम भाचीने आता ठेवला आहे. मिळकतीसाठी वेगळे बचत खाते ठेवावे, म्हणजे वर्षाअखेरीस हिशेब सोपा जातो.

केंद्र सरकारची 'उद्यम' नोंदणी २०२० मध्ये सुरू झाली. ती विनामूल्य आहे आणि आधार क्रमांकावर घरबसल्या होते. काम घेण्यापूर्वी ती करून ठेवावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा सूक्ष्म उद्योजकाचे पैसे, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते आणि राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते.

एक धोक्याची सूचना. "तुमचे चित्र विकत घेतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका," असे कोणी सांगितले तर तो ठक आहे असे समजावे. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. चित्र विकण्यासाठी आधी शुल्क भरा म्हणणाराही त्याच जातकुळीचा.

आपले कर्तव्य

हा व्यवसाय सुखाचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. एका महिन्यात तीन कामे येतात, मग दोन महिने काहीच नाही. आजारपणाची पगारी रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक पडेपर्यंत जोडीला शिकवणी किंवा अर्धवेळ काम ठेवण्यात कमीपणा नाही. ताईला आम्ही हे सगळे कागदावर मांडून दाखविले. भाचीने दोन वर्षांची मुदत मागून घेतली. जमाखर्चाची वही दर महिन्याला आम्हाला दाखवावयाची, या अटीवर ताईने ती दिली. ताईची काळजी मिटली आहे असे नाही, आणि ती मिटावी असा आग्रहही आम्ही धरीत नाही.

राहिला प्रश्न आपला. 'भीमायन' हे २०११ सालचे चित्रमय पुस्तक पाहा. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची नावे त्याच्या मुखपृष्ठावर आहेत. आपल्या पत्रकावर मात्र मुद्रकाचे नाव असते, देणगीदारांची नावे असतात, चित्रकाराचे नसते. संस्थेच्या बैठकीत आम्ही हा विषय मांडला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "समाजाच्या कामाचे पैसे घ्यायचे का?" प्रश्न रास्त होता. आम्ही एवढेच निवेदन केले की कागदवाल्याला आपण पैसे देतो, छापखान्याला देतो, मंडपवाल्याला देतो. यांपैकी कोणालाही आपण समाजाचे काम म्हणून फुकट राबवीत नाही. चित्रकार तेवढा फुकट का? त्याला दान द्यावयाचे असेल तर ते त्याने द्यावे. आपण परस्पर घेऊ नये.

यापुढे संस्थेच्या कोणत्याही पत्रकासाठी चित्र घेताना चित्रकाराची परवानगी घ्यावी, नाव छापावे आणि जमेल तेवढे मानधन द्यावे, असे बैठकीत ठरले. चुकीची सुरुवात आमच्या हातून झाली होती, म्हणून ही जबाबदारीही आम्ही मागून घेतली. वाचकांनीही आपल्या भ्रमणध्वनीवर आलेले चित्र पुढे पाठविण्यापूर्वी क्षणभर थांबून कोपऱ्यातील सही पाहावी, आणि ती कापली जाणार नाही याची काळजी घ्यावी, ही नम्र विनंती.