परकी भाषा, आपली जीभ (भाग ६) : ओट्यापाशी जर्मन

गेल्या आठवड्यात कानाची तयारी झाली. आता तोंड उघडायचं. पण कोणापुढे? पुण्यात मॅक्स म्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकणाऱ्याला वर्गापुरते सोबती मिळतात. घरी आलं की समोर कुकर, आणि मागून आईचा आवाज, "काय गं पुटपुटतेस?"

पुटपुटणंही नसतं बऱ्याचदा. मनातल्या मनात वाक्य जुळवलं जातं आणि ते झकास वाटतं, कारण अडलेली जागा मन गुपचूप ओलांडून जातं. जिभेला तशी सवलत नाही. म्हणून पहिली अट : मोठ्याने.

ट्रॉयचं उत्खनन करणारा हाइनरिश श्लीमन १८४४च्या सुमाराला अ‍ॅमस्टरडॅममध्ये एकट्याने रशियन शिकत होता. शिक्षक मिळेना. मग त्याने आठवड्याला चार फ्रँक देऊन एक गरीब ज्यू गृहस्थ ठेवला. रोज संध्याकाळी दोन तास येऊन त्याने श्लीमनचं पाठांतर ऐकायचं. रशियनचं एक अक्षरही त्याला कळत नव्हतं! आवाज इतका चढा, की शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे श्लीमनला दोनदा बिऱ्हाड बदलावं लागलं. हे सगळं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, आणि फुशारकी हा त्याचा स्थायिभाव, तेव्हा थोडं वजा करून वाचावं. युक्ती मात्र खरी आहे. ऐकणारा कोणी आहे म्हटलं की वाक्य अर्ध्यावर सोडता येत नाही. आपल्याकडे ते काम फोनमधला रेकॉर्डर फुकटात करतो.

बोलायचं काय? हातात असेल ते. घासलेली भांडी लावताना चमचा उचलला, "डेअर ल्योफेल". काटा, "दी गाबेल". सुरी, "दास मेसर". जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. तीन लिंगांचं आपल्याला नवल नाही, तो-ती-ते आपण जन्मापासून करतोय. अडचण एवढीच की आपला काटा 'तो' आहे आणि त्यांचा 'ती'. कोष्टक पाठ करून हे बसत नाही. भांडं हातात घेऊन शंभरदा म्हटलं की बसतं.

मग वाक्य लांबवा. "वाइल इश् हुंगर हाबं." शब्दाला शब्द लावून पाहा : कारण मला भूक आहे. 'कारण'नंतर क्रियापद शेवटी, अगदी आपल्यासारखं.

उच्चारांतही मराठी माणसाला एक आयती मिळकत आहे. जर्मन 'झेड' म्हणजे आपला चाकातला, चुलीतला च, चहातला नव्हे. आगगाडीचा जर्मन शब्द तर हुबेहूब आपल्या 'चूक'सारखा ऐकू येतो. 'फ्युन्फ'मधला, म्हणजे पाचमधला स्वर मात्र आपल्याकडे नाही. त्यासाठी आरशासमोर उभं राहा, 'ई' म्हणत राहा, आणि जीभ जागची न हलवता ओठांचा 'ऊ'सारखा चंबू करा. आणि वर मी 'इश्' लिहिलं ते नाइलाजाने. खरा उच्चार हवा तर 'श'ऐवजी जोरात कुजबुजलेला 'य' काढा.

एकट्याच्या सरावात धोका एकच, पण मोठा : टोकायला कोणी नसतं आणि चुकीचंच पक्कं होतं. म्हणून नमुना हवा. डॉइच वेले रोजच्या बातम्या मुद्दाम सावकाश वाचून ऐकवतं, सोबत मजकूरही देतं. त्यातलं एक वाक्य ऐका, थांबवा, म्हणा, रेकॉर्ड करा, दोन्ही लागोपाठ ऐका. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना ओशाळायला होतं. त्याला इलाज नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते आपोआप कमी होतं. मी एका वेळी पाचच वाक्यं घेते. दहा घेतली की कान आळशी होतो.

वर्गाशी याची बरोबरी नाही. समोरचा मध्येच तोडतो, भलतंच विचारतो. ते भिंत करणार नाही. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात. तोवर आज रात्री दोन मिनिटं बोला, रेकॉर्डिंगला तारीख घालून ठेवा आणि कितीही वाईट वाटलं तरी पुसू नका. पुढच्या भागात ते लागणार आहे.