रडू आलं नाही तर?

अमृतसरला जालियनवाला बाग पाहायला निघतो तेव्हा आपण सामानाबरोबर भावनाही बांधून घेतो. तिथे संताप येईल, डोळे भरून येतील, असं आधीच ठरलेलं असतं. कुणी म्हणतं, "मला नाही सोसणार, तुम्ही जाऊन या." जागा पाहण्याआधीच हा निर्णय होतो, आणि बरेचदा कोण जाणार, कोण टाळणार, मुलांना न्यायचं की नाही, हे त्यावरच ठरतं.

हे अंदाज कितपत खरे ठरतात? डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी यावर बराच अभ्यास केला. पुढे येणाऱ्या भावनेची तीव्रता आणि ती किती काळ टिकेल, हे दोन्ही आपण बहुधा वाढवूनच धरतो, असं त्यांना आढळलं. कारण साधं आहे. अंदाज बांधताना डोळ्यांपुढे फक्त ती घटना असते. ऊन, गर्दी, दुखणारे पाय, सेल्फी काढणारी मंडळी, हे हिशेबात धरलेलंच नसतं.

मग बागेत गेल्यावर समोर हिरवळ दिसते, मुलं खेळताना दिसतात. रडू काही येत नाही. आणि मनात येतं, आपण इतके कोरडे कसे? खरं तर यात अपराधी वाटण्यासारखं काहीच नाही. आपला अंदाज चुकला, इतकंच.

म्हणून आम्हाला वाटतं, जाताना भावनेची सक्ती नको, थोडी माहिती सोबत असावी. १३ एप्रिल १९१९, बैसाखीचा दिवस. जनरल डायरच्या सैनिकांनी सुमारे दहा मिनिटांत १,६५० फैरी झाडल्या. हंटर समितीने मृतांचा आकडा ३७९ दिला. भारतीय बाजूचे अंदाज याहून पुष्कळ मोठे होते. आत जायचा बोळ अरुंद, त्यामुळे मशीनगन बसवलेल्या चिलखती गाड्या बाहेरच राहिल्या. त्या आत नेता आल्या असत्या तर बहुधा वापरल्या असत्या, असं डायरने समितीपुढे स्वतःच कबूल केलं.

आता हे माहीत असताना त्याच बोळातून चालून बघा. पाय आपोआप मंदावतील. कदाचित तिथे काहीच वाटणार नाही, घरी परतल्यावर एखाद्या रात्री ते आठवेल. तेही चालेल. जे आधीच घाबरून गेलेच नाहीत, त्यांना मात्र हा बोळ केवढा अरुंद आहे हे कधी कळणार नाही.