द्राक्षमळ्यातला मुक्काम

नाशिकला चाललोय असे घरात सांगितले की वडीलधारी माणसे लगेच यादी करायला घेतात: त्र्यंबकेश्वर, काळाराम, पंचवटी, आणि वेळ मिळाला तर वणीला जाऊन देवीची ओटी भरून या. गेल्या वीसेक वर्षांत मात्र मुंबई-पुण्याची बरीच जोडपी रामकुंडाकडे न वळता गंगापूर रोडने थेट धरणाची वाट धरतात. त्यांना द्राक्षमळ्यात राहायचे असते, चार वाइन चाखायच्या असतात आणि घड्याळाकडे न बघता जेवायचे असते. लग्नाचा वाढदिवस हे सर्वांत चालणारे निमित्त. मुले आजीकडे ठेवलेली असतात.

या प्रकाराचे मूळ युरोपात आहे. तिथे वाइनच्या गावांमध्ये वाटसरूंसाठी छोट्या खानावळी होत्या, वर दोनचार खोल्या आणि खाली स्वयंपाकघर. टायर विकणाऱ्या मिशेलिन कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली, १९२६ पासून तिच्यात चांगल्या खानावळींना तारे द्यायला सुरुवात केली, आणि निव्वळ जेवणासाठी गाडी काढून दूरवर जाण्याची हौस फ्रान्समध्ये रुजली. कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यातले उदाहरण आणखी बोलके आहे. तिथले 'ओबेर्ज द्यु सोलेय' हे आजचे नावाजलेले हॉटेल १९८१ साली सुरू झाले ते केवळ रेस्टॉरंट म्हणून. खोल्या बांधल्या गेल्या १९८५ मध्ये. आधी ताट, मग खाट.

हा क्रम तर्काला धरूनच आहे. उत्तम जेवण आणि त्याच्या जोडीला वाइन म्हटली की त्यानंतर कोणी चाक हातात घेऊ नये. भारतीय कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे, आणि ती ओलांडायला दोन-तीन ग्लास पुष्कळ झाले. त्यामुळे नाशिकला सकाळी जायचे, दुपारी वाइन चाखायची आणि संध्याकाळी कसारा घाट उतरून घरी यायचे, हा बेत मुळातच चुकीचा आहे. दोघांपैकी एकाने ग्लासकडे नुसते बघत बसायचे आणि दुसऱ्याने अपराधी चेहऱ्याने प्यायचे, याला सहल म्हणत नाहीत. जायचे तर मुक्कामाला, आणि शक्यतो वाइनरीच्या आवारातच.

नाशिकमध्ये ही सोय झाली ती राजीव सामंत यांच्या उद्योगामुळे. स्टॅनफर्डमध्ये शिकलेले आणि कॅलिफोर्नियात ऑरेकल कंपनीत नोकरी केलेले सामंत परतले, तेव्हा गंगापूर धरणाजवळ घरची जमीन होती. तिथे त्यांनी आंबा करून पाहिला, गुलाब करून पाहिले, खायची द्राक्षेही लावली. नाशिकचे हवामान वाइनच्या द्राक्षांना मानवेल, असा अंदाज बांधून केरी डॅमस्की या कॅलिफोर्नियातील वाइन तज्ज्ञाच्या मदतीने त्यांनी सोव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या जातींची लागवड केली. पहिल्या बाटल्या २००० साली बाजारात आल्या. आई सुलभा, म्हणून कंपनीचे नाव सुला. त्याआधी १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने नारायणगावला फेसाळ वाइन बनवून परदेशी पाठवली होती, पण लोकांनी बागेत यावे, चाखावे, राहावे, ही कल्पना तेव्हा नव्हती. सुलाने २००५ साली टेस्टिंग रूम उघडली आणि नंतर मुक्कामाची सोय केली. धरणाच्या पाण्याकाठी 'बियाँड' आणि वाइनरीलगत 'द सोर्स' ही त्यांची हॉटेले.

सरकारचाही यात वाटा आहे. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने वाइनवरच्या उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क आखले. या धोरणानंतर नाशिक जिल्ह्यात वाइनरींची गर्दी झाली. त्यातल्या काही बुडाल्या, काही तगल्या.

आता निवड कशी करायची? गर्दी, संगीत, तरुणांचे घोळके आवडत असतील तर सुला. शेजारच्या गंगावऱ्हे गावी 'सोमा' आहे, तिथे गलका कमी. दोघांनाच शांतपणे बसायचे असेल तर इगतपुरी तालुक्यात कावनईजवळचे 'वॅलोने' बघावे: समोर मुकणे धरणाचे पाणी, मोजक्या खोल्या, छोटी वाइनरी. (इगतपुरीतच धम्मगिरी हे विपश्यनेचे मोठे केंद्र आहे. एकाच तालुक्यात एकीकडे दहा दिवसांचे मौन आणि दुसरीकडे बुचे उडण्याचे आवाज, ही नाशिक जिल्ह्याची खासियत.) दिंडोरीला 'शाँदो' फेसाळ वाइन बनवते. आणि नाशिकपासून दूर, सोलापूर जिल्ह्यात अकलूजला 'फ्रातेल्ली' आहे, मोहिते-पाटील आणि सेक्री कुटुंबे व इटलीतले सेच्ची बंधू यांनी मिळून उभी केलेली. पुण्याहून जाणाऱ्यांना ती सोयीची. माळरानावर एकाएकी हिरव्या रांगा लागतात, ते दृश्य नाशिकलाही नाही.

कुठेही गेले तरी सकाळी उठून बाग पाहणे चुकवू नये. बरेच पाहुणे उशिरा उठतात, नाश्ता करतात आणि रांगांपुढे फोटो काढून निघतात. खरे तर नाशिककराला घरची द्राक्षबाग ओळखीची असते, पण वाइनची बाग त्यालाही वेगळी भासेल. खायच्या द्राक्षांचा मांडव डोक्यावर असतो किंवा इंग्रजी 'Y' आकाराच्या आधारावर पसरलेला असतो, घड खाली लोंबतात. वाइनची वेल मात्र तारांवर उभी बांधलेली, हिरव्या भिंतीसारखी, आणि घड गुडघ्या-कंबरेच्या उंचीवर. मणी हरभऱ्याहून थोडा मोठा, साल जाड, आत बिया. खायच्या थॉमसन जातीचा मणी फुगावा म्हणून त्याला जीए (जिबरेलिक ॲसिड) देतात. इथे ते चालत नाही, कारण रंग आणि स्वाद सालीत असतो आणि मणी फुगला की रसाच्या मानाने साल कमी पडते. एक मणी तोंडात टाकून पाहावा. आधी गोडी लागते, मग बी चावली गेली की जिभेला तुरट कोरडेपणा येतो. रेड वाइन प्यायल्यावर हिरड्यांना जाणवते ते हेच. माळ्याकडे रिफ्रॅक्टोमीटर असेल तर रसाचा एक थेंब काचेवर टाकून तो ब्रिक्स, म्हणजे साखरेचे प्रमाण, दाखवतो. आकडा बावीस-चोवीसच्या घरात गेला की तोडणी जवळ आली म्हणायचे.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, वर्षातून एकदा छाटणी होते आणि पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात निघते. नाशिकच्या वेलीला बर्फाची झोप मिळत नाही. म्हणून दोन छाटण्या: एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून, आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी, घडांसाठी. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत यासाठी प्रत्येक काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावावी लागते. मग थंडीच्या रात्री आणि कोरडे, उन्हाचे दिवस यांत मणी पिकतो. रात्री गारठा पडल्याने आंबटपणा टिकतो, दिवसाच्या उन्हाने साखर भरते. तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, तीही भल्या पहाटे, म्हणजे द्राक्षे गार असतानाच क्रेटमधून वाइनरीत पोचतात. त्या आधी अवकाळी आली किंवा गारपीट झाली तर वर्षाची मेहनत मातीत, ही धास्ती बागायतदाराला असतेच. पाहुण्यांसाठी लाकडी टबात द्राक्षे पायाने तुडवण्याचा कार्यक्रम ठेवतात, तो हौसेने करावा. मात्र बाटलीतली वाइन त्या रसाची नसते, तिच्यासाठी आत यंत्रे आहेत.

टेस्टिंग साधारण पाच-सहा वाइनचे असते आणि प्रत्येक ग्लासात दोन घोट पडतात. क्रम फेसाळ, पांढरी, गुलाबी, लाल, शेवटी गोड असा राखतात, कारण लाल आधी घेतली तर नंतरची पांढरी पाणचट लागते. ग्लास दांडीला धरायचा, वाडग्याला नाही, हाताच्या उबेने वाइन तापते. फिरवून वास घ्यायचा. सोव्हिन्यॉ ब्लाँला हिरव्या मिरचीच्या किंवा गवती चहाच्या जवळचा वास येतो, लाल शिराझला मिरपुडीचा. हे वास नाही आले तरी बिघडत नाही, आलेच असे सांगायची सक्ती नसते. एक गोष्ट मात्र हक्काने मागावी. रेड वाइन 'रूम टेम्परेचर'ला प्यावी असे म्हणतात, ते युरोपातल्या थंड घरांचे तापमान: १६ ते १८ अंश. एप्रिलच्या दुपारी नाशिकची खोली याच्या दुप्पट तापलेली असते. तेव्हा बाटली थोडा वेळ बर्फात ठेवायला सांगण्यात कमीपणा नाही.

राहिले जेवण, आणि इथे थोडी तक्रार करावीशी वाटते. वाइन आणि पदार्थ यांची जोडी लावायची पद्धत एकामागून एक पदार्थ वाढणाऱ्या पाश्चात्य जेवणातून आली. आपल्या ताटात डावे-उजवे सगळे एकदम असते. कोशिंबीर, आमटी, भाजी, लोणचे एकाच घासात भेटतात, मग कोणत्या पदार्थाला कोणती वाइन? या पेचातून सुटका म्हणून बऱ्याच वाइनरींनी पास्ता, पिझ्झा आणि चीजचा सोपा रस्ता धरला. खाणारे खूश असतात, पण शेतात महाराष्ट्र आणि टेबलावर टस्कनी हे चित्र खटकते.

वास्तविक ताटच तोडून कोर्समध्ये वाढता येईल, आणि तसे करणारा शेफ भेटला तर त्या रात्रीचे पैसे वसूल होतात. सुरुवातीला नाशिकचा चिवडा किंवा अळूवडी आणि फेसाळ वाइन: मीठ, तेल आणि कुरकुरीतपणा यांच्यावर बुडबुडे आणि आंबटपणा फार छान बसतो. कोथिंबीर वडीबरोबर सोव्हिन्यॉ ब्लाँ. तळलेले बोंबील किंवा कोलंबीला शेनिन ब्लाँ, कारण तिच्यातली किंचित गोडी तिखटाला सांभाळून घेते. काळ्या मसाल्याच्या खानदेशी मटणाला शिराझ चालते, पण बेताने. तिखट जास्त असेल तर अल्कोहोल आणि तुरटपणा त्याला आणखी भडकवतात. झणझणीत मिसळीबरोबर रेड वाइन घेणाऱ्याने नंतर तक्रार करू नये. शेवटी पुरणपोळी आणि उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड लेट हार्वेस्ट वाइन, ही जोडी मात्र कोणत्याही परदेशी मेजवानीच्या तोडीची आहे. हा बेत ऐनवेळी जमत नाही. खोली ठरवतानाच स्वयंपाकघराशी बोलून ठेवावे, शाकाहारी असल्यास तेही, म्हणजे नंतर नुसत्या पनीरवर भागवावे लागत नाही.

काही साध्या गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ आहे. शनिवार-रविवारी दर चढे आणि टेस्टिंगला रांगा, तीच खोली मंगळवारी-बुधवारी स्वस्त आणि बागेत शुकशुकाट. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्याने मुंबईकरांना घाटाचा त्रास राहिलेला नाही. २०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे, त्या वर्षी पर्वणीच्या दिवसांत नाशिकची वाट न धरलेलीच बरी. सर्वांत चांगला काळ जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, तोडणी चालू आणि थंडी अंगावर. फक्त २६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी गाठायचा मोह आवरावा: त्या दिवशी ड्राय डे असतो आणि वाइनरीतही वाइन मिळत नाही.