मोटर चालू करण्याआधी मल्टिमीटर लावा, टेस्टरवर जाऊ नका



हरभरा-गव्हाचं ओलित सुरू झालं की पुसदच्या वाइंडिंगवाल्यांकडे मोटरींची रांग लागते. बोअरमधून मोटर काढणं-घालणं, वाइंडिंग, आणि तोवर सुकणारं पीक, हा खर्च सगळ्यांना माहीत आहे. यातल्या बऱ्याच मोटरी एक फेज कमी असताना चालवल्यामुळे जळतात.

आपण टेस्टर लावतो. तिन्ही फेजला लाल दिवा दिसला की बटण दाबतो. पण टेस्टरचा दिवा 100-120 व्होल्टवरही पेटतो आणि 240 वरही. शिवाय तुटलेल्या फेजवर त्याच डीपीवरच्या दुसऱ्याच्या चालू मोटरमधून उलटं व्होल्टेज येतं. दिवा तिथेही पेटतो. व्होल्ट किती आहेत ते फक्त मीटर सांगतो.

*मीटर कसा लावायचा*
काळी वायर COM लिहिलेल्या भोकात, लाल वायर V लिहिलेल्या भोकात. लाल वायर 10A च्या भोकात राहिली आणि तुम्ही लाईनला लावली, तर तो थेट शॉर्ट होतो, मीटर हातात फुटू शकतो. डायल एसी व्होल्टच्या (V~) 600 किंवा 750 वर ठेवा. ओहम किंवा बझरवर डायल असताना चालू लाईनला कधीच लावू नका. मीटरवर CAT III 600V लिहिलेलं असावं. रस्त्यावरच्या स्वस्त मीटरच्या वायरी पातळ असतात, थ्री फेजला त्या वापरू नका. आधी घरच्या प्लगमध्ये 230 च्या आसपास दाखवतो का ते बघून घ्या.

वावरात कोरड्या लाकडी फळीवर उभं राहा, पायात रबरी चप्पल-बूट, हात कोरडे. ओल्या मातीत उभं राहून स्टार्टर उघडू नका. रात्री एकट्याने तर नकोच, लाईन रात्रीची असली तरी कुणाला तरी बॅटरी धरायला सोबत घ्या.

मोटर बंद ठेवून, स्टार्टरला लाईन येते तिथे दोन-दोन फेजमध्ये मोजा: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-पहिला. 415 व्होल्ट अपेक्षित, 390 ते 440 ठीक. 408, 402, 396 आले तर बिनधास्त चालू करा. 410, 402, 345 आले तर थांबा. व्होल्टेजमधला थोडा फरकही करंटमध्ये कितीतरी पट वाढतो आणि एकच वाइंडिंग तापतं. तिन्ही सारखे पण 350 च्या खाली असतील तरीही मोटर लावू नका.

दोन जोड्यांत साधारण 360 आणि तिसऱ्या जोडीत जवळजवळ शून्य आलं, तर न्यूट्रलशीही मोजा. एका फेजला 240 आणि दोघांना 120 च्या आसपास असेल तर बहुधा डीपीच्या वरची, 11 केव्हीची एक लाईन किंवा फ्यूज गेलाय. हे आकडे लाईनमनला किंवा महावितरणच्या 1912 वर सांगा. डीपीवर चढणं किंवा स्वतः फ्यूज टाकणं आपलं काम नाही, त्यात माणसं गेली आहेत.

मोटर सुरू झाल्यावर त्याच जागी पुन्हा एकदा मोजा. थोडं व्होल्टेज पडतंच. पण एकच जोडी खूप खाली गेली तर लगेच बंद करा, मागे कुठेतरी जोड सैल आहे. ऑटो स्विच लावून घरी झोपणाऱ्यांनी सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवल्याशिवाय झोपू नये, एवढंच म्हणतो.

मोटरचा करंट मल्टिमीटरने मोजू नका, त्याला चिमटा मीटर लागतो. सौर पंपाच्या पॅनलच्या वायरीलाही हात नको, तिथे शेकडो व्होल्ट डीसी असू शकतात.

रोही-डुकरांसाठी झटका मशीन असेल तर तिची बॅटरी मात्र जरूर तपासा: डायल डीसी 20 वर, मशीन बंद, चार्जिंग काढून तासाभराने. 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 11.8 म्हणजे आज रात्री कुंपण कामाचं नाही.

शंका असेल तर तिन्ही जोड्यांचे आकडे, मोटर किती एचपीची आणि चालू होती की बंद, एवढं लिहून ग्रुपवर टाका. नुसता मीटरचा फोटो टाकू नका, त्यावरून कुठे लावला होता ते कळत नाही.