गर्भवतीला तेल लावताना

हैदराबाद शहराच्या नारायणगुडा, काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. पुढे राज्ये वेगळी झाली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. नांदेड-परभणीकडे दिलेली लेक पहिल्या बाळंतपणासाठी काचीगुडा स्थानकावर उतरून नारायणगुड्याच्या माहेरी येते, तेव्हा डोहाळजेवणाच्या तयारीबरोबर तेल-मालिशचाही विषय निघतो. बाळंतिणीच्या शेक-मालिशविषयी आपल्याकडे फारसे दुमत नाही. गर्भवतीच्या अंगाला मालिश करावी की नाही, याविषयी मात्र एकाच घरात दोन मते आढळतात.

दोन्ही मतांत तथ्य आहे. पोटाचा भार वाढू लागला की कमरेचा बाक वाढतो, पाठीच्या स्नायूंवर ताण येतो, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. अशा वेळी कोमट तेलाने पाठ, खांदे, हात व पाय हलक्या हाताने चोळल्यास स्नायू सैल होतात आणि झोप लागते. मालिशमुळे प्रसूती हमखास सुलभ होते, असे मात्र म्हणता येत नाही. पाचव्या महिन्यानंतर गर्भवतीला फार वेळ उताणे निजवू नये. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून तिला भोवळ येण्याचा संभव असतो. डाव्या कुशीवर, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी देऊन निजवावे.

पोटाची गोष्ट सर्वस्वी निराळी आहे. पोट चोळून मूल सरळ करणाऱ्या दाईची ख्याती अनेक गावांत ऐकू येते. वस्तुतः सातव्या महिन्यात पायाळू असलेली बहुतेक मुले पुढे आपोआप फिरतात. दिवस पूर्ण भरल्यावर शंभरात तीन-चारच पायाळू राहतात. निसर्गाच्या कामाचे श्रेय दाईच्या पदरात पडते ते असे. परंतु जोराने दाब दिल्यास वार सुटून आत रक्तस्राव होऊ शकतो आणि तो कित्येकदा बाहेर दिसतही नाही. पोट दगडासारखे कडक होऊन दुखू लागते, मुलाची हालचाल मंदावते, आणि इस्पितळ गाठेपर्यंत माता व मूल दोघांचेही प्राण संकटात सापडतात. पूर्वी सिझेरियन शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीच्या बाबतीत गर्भाशय फाटण्याचेही भय असते. डॉक्टरही बाहेरून मूल फिरवतात; पण ते साधारणतः ३६ आठवड्यांनंतर, सोनोग्राफी करून, मुलाच्या हृदयाचे ठोके पाहत आणि शस्त्रक्रियेची तयारी ठेवून. इतके करूनही यश येते ते सुमारे निम्म्या वेळा. तेव्हा पोटावर तेल लावायचेच झाल्यास ते केवळ त्वचेची खाज शमविण्यापुरते, बोटांचा दाब न देता लावावे.

तेल लावणाऱ्या बाईच्या हाताला जे कळते, ते इतरांच्या लक्षात येतेच असे नाही. दोन्ही पावलांना सायंकाळी थोडी सूज येणे नेहमीचे आहे. परंतु एकच पोटरी सुजलेली, उष्ण व दुखरी लागली, तर तेथे रक्ताची गुठळी असू शकते. गर्भारपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, त्यात गाडीतील लांबच्या प्रवासात पाय तासन्‌तास लोंबकळत राहिलेले असतात. अशी पोटरी चोळल्यास गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका आहे. “प्रवासाचा शीण” म्हणून ती रगडणे हा सद्‌हेतूने केलेला घातच होय. चेहरा व हात सुजणे, डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणे असू शकतात. त्यांवर तेल हा उपाय नाही. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे किंवा ताप असतानाही मालिश वर्ज्य समजावी व त्वरित दवाखाना गाठावा.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी केली जाते. माहेरी येणाऱ्या लेकीने सासरकडील माता व बालसंरक्षण कार्ड सोबत आणावे. मालिशवालीला बोलावण्यापूर्वी या तपासणीत डॉक्टरांना विचारून घ्यावे.

मालिशचा सर्वांत चांगला उपयोग होतो तो प्रत्यक्ष कळांच्या वेळी. सरकारी इस्पितळांतील प्रसूतिकक्षात एका स्त्री-सोबतिणीला थांबू देण्याची मुभा केंद्र शासनाने २०१६ मध्ये दिली आहे. कळ आली की त्या आईने, बहिणीने किंवा जावेने कमरेच्या खालच्या भागावर तळहात घट्ट दाबून धरावा, आणि कळ ओसरली की पाठीवरून सावकाश हात फिरवावा.