उबेचा हिशेब

बँकेच्या तपासणी खात्यात उमर काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कुठेही काही कमी पडलं, की तो विचारतो : निघालं किती, पोचलं किती, आणि मध्ये गळालं कुठे? निवृत्तीनंतर ही खोड मी कादंबऱ्यांवर भागवत होतो. २०१८च्या डिसेंबरात मुलाकडे हॅनोव्हरला गेलो आणि ती एका मोटारीखाली उफाळून आली.

मुलाने १९७१ची फोक्सवॅगन व्हॅन हौसेनं सांभाळली आहे. १९५० साली वोल्फ्सबुर्गला या गाडीचं उत्पादन सुरू झालं. १९५६पासून ती हॅनोव्हरला बनू लागली. म्हणजे गाडी माहेरीच नांदते म्हणायची! इंजिन पाठीमागे, आणि पाण्यावर नव्हे, तर पंख्याच्या वाऱ्यावर थंड होणारं. गाडी देखणी, पण गोस्लारला जाताना हीटरमधून जेमतेम फुंकर येत होती. सूनबाई मागे कोटावर कोट घालून बसली होती. परतताना म्हणाली, "डोकं जड झालंय." थंडीनं असेल, असं आम्ही बापलेकांनी परस्पर ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारी गाडी चढणीच्या फळ्यांवर घेतली. "बाबा, तुम्ही नुसती बॅटरी धरा," मुलगा म्हणाला. मी धरली.

एरवी मोटारीचा हीटर इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो. इथे पाणीच नाही, तर ऊब येणार कुठून? वाचकांनी जुन्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवावा. मध्ये विस्तवाची नळी, भोवती पाणी. इथे मध्ये इंजिनच्या धुराची नळी, भोवती पत्र्याचं कवच, आणि दोहोंच्या मधून पंख्याचा वारा. असे दोन बंब, डावा नि उजवा. त्यांना 'हीट एक्स्चेंजर' म्हणतात. तापलेला वारा झडपांतून, गाडीच्या पोटाखालच्या लांब नळातून पायांशी आणि पुढच्या काचेशी पोचतो. पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरत असल्यामुळे गाडी सिग्नलला थांबली, की ऊबही मंदावते. तो दोष नव्हे, स्वभाव.

गळती मात्र तीन ठिकाणी सापडली. उजवी झडप गंजून अर्ध्यातच अडकली होती. दांडी ओढली तरी हलत नव्हती. पोटाखालच्या नळाच्या सांध्यावरचं रबर झिजलं होतं. आणि पंख्याकडून उजव्या बंबाकडे येणारी नळी फाटून वारा बाहेरच निघून जात होता. मुलगा खूश झाला. नवी नळी, नवं रबर, झडपेला तेल. दोन तासांचं काम.

मी म्हटलं, "थांब. तिजोरी न उघडता शिल्लक मान्य करायची नसते." फाटकी नळी काढून बंबाच्या तोंडात बोट घातलं. बोट काळं झालं. काजळी!

त्या वाटेनं फक्त स्वच्छ वारा जायचा असतो. काजळी आहे, याचा अर्थ आतली धुराची नळी कुजली आहे. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात ते मीठ आणि जवळपास अर्धं शतक, यांनी आपलं काम केलं होतं. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि ती झोप कधीकधी शेवटची असते. सूनबाईचं डोकं थंडीनं जड झालं होतं, असं म्हणायला मी आता धजावत नव्हतो. तिन्ही गळत्या बुजवून दांडी ओढली असती, तर आम्ही तेच विष अधिक जोरानं आत धाडलं असतं. अडकलेल्या झडपेनं निदान काही अडवून धरलं होतं.

मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ती सांगत होती, बाबा. आपण ऐकलं नाही."

दोन्ही बंब नवे बसवले, नळ्या आणि रबर बदललं. आत त्या वायूची सूचना देणारी घंटाही लावली. अर्थात घंटा म्हणजे दुरुस्ती नव्हे. आता हमरस्त्यावर पाय ऊबदार राहतात.

आपल्याकडेही थंडीत बंद खोलीतली शेगडी आणि खिडकी नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गिझर याच वायूनं माणसं नेतात. ऊब कमी पडली, तर ती वाढवण्याआधी कुठून येते ते पाहावं. आणि घरातलं कुणी डोकं दुखतंय म्हणालं, तर त्याची नोंद आधी घ्यावी.